जागच्या जागी

ग्रीकांच्या युद्धकाव्यात माणूस मरतो तेव्हा कवी आधी भाला कुठे घुसला ते सांगतो. जपान्यांच्या युद्धकथेत माणूस मरतो तेव्हा कथेकरी आधी त्यानं अंगावर काय घातलं होतं ते सांगतो. या दोन वाक्यांवर माझा वीस पानांचा निबंध उभा होता. तो मी माझ्या वडिलांना वाचून दाखवला आणि तिथंच फसले.

मी सोलापुरात एका कॉलेजात साहित्य शिकवते. वडील सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावचे मुलाणी. गावात लग्नाचं, नवसाचं, जत्रेचं, कसलंही बकरं कापायचं असो, सुरी आमच्या घराची. पाटलाच्या दारात बकरं बांधलेलं असलं तरी अब्बा आल्याशिवाय त्याच्या मानेला कुणी हात लावत नसे. अब्बांची पद्धत ठरलेली होती. आधी जनावराला पाणी पाजायचं, मग त्याचं तोंड पश्चिमेला, मक्केकडे करायचं, अल्लाचं नाव घ्यायचं आणि सुरीच्या एका ओढीत काम संपवायचं. जनावर तडफडलं तर पाप आपलं, असं ते म्हणायचे. मुलीनं सुरीला शिवायचं नाही, हाही नियमच होता. मी शिवले नाही. पुस्तकांकडे गेले आणि पुढची पंचवीस वर्षं माणसं कशी कापली जातात तेच वाचत बसले. यातली गंमत माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

माझा मोठा भाऊ गावातच मारला गेला. त्याला मी भाई म्हणायची. तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि होस्टेलवर राहत होते. दुष्काळाचं साल होतं, गावात दिवसाआड टँकर यायचा. निळ्या बॅरलांची रांग सकाळपासून लागलेली असायची. चाचाचा मुलगा, म्हणजे आमचा सख्खा चुलतभाऊ, डाळिंबाच्या रोपांसाठी खड्डे खणून तसाच रांगेत आला होता, हातात पहार घेऊन. पाइप आधी कुणाच्या बॅरलात, यावरून शिव्या सुरू झाल्या. भाईनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली, ओठ फुटला. त्यानं पहार आडवी भाईच्या गुडघ्यावर हाणली. भाईनं त्याच्या केसांना धरून त्याचं डोकं टँकरच्या चाकावर दोनदा आपटलं. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे. तिसऱ्यांदा आपटायच्या आत त्यानं पहार फिरवली आणि टोकाकडून भाईच्या पोटात खुपसली. पाइप सुटला आणि टँकरचं पाणी रस्त्यावरून वाहत राहिलं. लोक आधी पाणी भरायला धावले म्हणे.

हे सगळं मला गावातल्या बायकांनी तिखटमीठ लावून सांगितलं. पहार घुसल्यानंतरचं मात्र अब्बांकडे बघून कुणी माझ्यापुढं काढलं नाही. घरातून मला एकच वाक्य मिळालं. जागच्या जागी गेला.

त्या वाक्यावर मी वीस वर्षं काढली. कोर्टात मी गेले नाही. पोस्टमॉर्टेमचा कागद ट्रंकेत होता, तो उघडला नाही. भाल्यांच्या जखमांवर वर्गात तास-तास बोलणारी मी, त्या एका कागदाला घाबरायची. भाईला काही कळलं नसेल, वेदना वर यायच्या आत संपला असेल, एवढं धरून मी चालले होते. फक्त ते एकदा अब्बांच्या तोंडून ऐकायचं होतं. भाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण अब्बा त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नसत. मी विषय काढला की उठून जायचे.

त्याच वर्षीच्या जत्रेत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही. आपली सुरी फडक्यात गुंडाळून ते चाचाच्या दारात गेले आणि ती त्याच्या हातात दिली. आता गावची बकरी तू काप, म्हणाले. ज्या घरानं आमचा माणूस मारला त्याच घराला गावचा मान! मी जत्रेत, चारचौघांत त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं बापाला विचारलं. ते खाली मान घालून उभे राहिले. नंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. अम्मा एवढंच म्हणायची, "त्यास्नी करू दे की त्यांच्या मनाचं."

अम्माही जखमेबद्दल कधी बोलली नाही. ती शर्टाबद्दल बोलायची. त्या दिवशी भाईच्या अंगात पोपटी शर्ट होता, ईदचा, खिशावर दुहेरी शिवण असलेला, आणि वरून दुसरं बटण तिनं आदल्या दिवशीच लावलं होतं, पांढऱ्या दोऱ्यानं, कारण पोपटी दोरा घरात नव्हता. हे मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. शर्टाचं सांगताना ती रडायची नाही. मरेपर्यंत तिनं तो शर्ट सांगितला.

म्हणून खरं सांगायचं तर माझा सिद्धान्त मला ग्रंथालयात सुचलेला नाही. जपानी कथेतला योद्धा मैदानात येतो तेव्हा कथेकरी थांबतो आणि त्याच्या चिलखताच्या दोऱ्यांचा रंग सांगतो, आतल्या रेशमाचं सांगतो, घोड्याच्या खोगिराचं सांगतो. मग त्याचं डोकं उडतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं बटण होतं ते.

गेल्या उन्हाळ्यात अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात केलं, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांचं. विजापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये ते काळा चष्मा लावून पलंगावर बसून असायचे. टीव्ही बंद, मोबाइल बंद, बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्याच दिवशी ते कंटाळून गेले आणि मला हैराण करायला लागले. मला महिन्याभरात चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. मी म्हटलं, चला, तुम्हालाच ऐकवते. दुपारी जेवणं झाली की मी इंग्रजी पुस्तकं समोर धरून त्यातले उतारे मराठीत सांगत जायची.

जपानी कथा त्यांना आवडल्या. तिथले योद्धे लढाईआधी ओरडून आपलं नाव सांगतात, बापाचं, आजाचं, वय किती तेही सांगतात.

"ह्ये बरं हाय की," अब्बा म्हणाले. "कोण मारतंय त्ये मरणाऱ्याला कळाय पायजेच."

मग मुंडक्यांचा भाग आला. तिथं शत्रूचं डोकं कापून आणायचं, धुवायचं, केस विंचरायचे, नावाची चिठ्ठी बांधायची आणि सरदारापुढं मांडायचं. तळ्याच्या काठी अशी डोकी धूत बसलेली माणसं मी त्यांना सांगितली. पाणी लाल झालं आहे, कुणाच्या दातांत अजून गवत अडकलं आहे. मला वाटलं, म्हातारा शहारेल.

"गार पाण्यानं धुत्यात का गरम?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"गारच आसंल. गरम पाण्यानं कातडं सुटतं."

मी ते समासात लिहून घेतलं. माझ्या एकाही प्राध्यापकानं मला असलं काही सांगितलं नव्हतं. या कथा पूर्वी आंधळे कथेकरी तारांचं वाद्य वाजवत गावोगाव सांगायचे, हे मी सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "आन हितं आंदळा ऐकतोय."

एके दिवशी मी हरलेल्या योद्ध्याचा शेवट सांगितला. घोडा मेलेला, मांडीत दोन बाण, हाताची तीन बोटं तुटलेली. तो शत्रूला म्हणतो, जरा थांब. गुडघ्यावर बसतो, तोंड पश्चिमेला करतो, आपल्या बुद्धाचं नाव घेतो आणि मान पुढं करतो.

"पश्चिमेलाच?" अब्बांनी विचारलं.

"व्हय. त्यांचा स्वर्ग तिकडं."

ते भिंतीकडे वळून झोपले. मला वाटलं, अब्बा कंटाळले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही ग्रीकांकडे वळलो. ग्रीक कवी दया दाखवत नाही. माणूस पुढं आला की तो त्याच्या बापाचं नाव सांगतो, त्याच्या मेंढ्या कुठल्या डोंगरावर चरतात ते सांगतो, आणि लगेच भाला जबड्यातून आत घालून जिभेच्या मुळाशी बाहेर काढतो. कुणाची आतडी हातात येतात, कुणाचा डोळा भाल्याच्या टोकावर राहतो. अब्बा पलंगावर ताठ बसले. आता हे त्यांचं क्षेत्र होतं. ते एकेक जखम तपासायला लागले. मांडीची शीर तुटली तर इतका वेळ, खुब्याला लागलं तर माणूस बसतो, पडत नाही. एका ठिकाणी गळ्याला भाला लागलेला वीर मरताना बोलतो.

"कसा बोलंल?" अब्बा उसळले. "नळी तुटल्यावर नुसती हवा येती भायेर."

"ऐका तरी. कवी म्हणतो, नळी वाचली होती, म्हणून बोलू शकला."

अब्बांनी बोटानं आपला गळा चाचपला. "मग ह्यानं कापलंय कवातरी," ते आदरानं म्हणाले. "आपल्यातला हाय ह्यो."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! वीस वर्षांत आम्ही दोघं असं बोललो नव्हतो. ते जखमांबद्दल बोलत होते, आपण होऊन, न उठता. मला वाटलं, आता थोडंच राहिलं आहे. पुढच्या उताऱ्यात भाला पोटात लागत होता. मुद्दाम तोच काढला, हे मला कबूल करायला हवं. तो ऐकला की अब्बा म्हणतील, व्हय, तसंच झालं, जागच्या जागी गेला. मग मी सुटेन.

"त्यानं भाला फेकला," मी सांगायला लागले. "तो पोराच्या उजव्या बाजूला लागला. बरगडीच्या खाली, कलेजीत. पोराचे गुडघे ढिले पडले, डोळ्यांवर अंधार आला आणि तो मेला."

"कुटं लागला म्हणलीस?"

"बरगडीच्या खाली. कलेजीत."

"आन लगीच मेला?"

"लगेच. त्याच ओळीत."

"खोटं हाय."

मी चिडले. म्हटलं, "अब्बा, आत्ता तर आपल्यातला म्हणत होता. हजारो वर्षं माणसं हे वाचतायत."

"वाचू देत. बकऱ्याचं बगून लिवलंय त्यानं. बकरं जातं. माणूस जात न्हाय."

त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, त्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशनचं असेल.

"मला बी वाटलं हुतं, जातोय म्हणून," ते म्हणाले.

मी पुस्तक खाली ठेवलं.

"रगत काळं आलं त्याचं. लाल न्हाय, काळं. बकऱ्याची कलेजी फाटली की तसलंच येतं. मग कायबी केलं तरी ऱ्हात न्हाय, दोन उसासं टाकतं आन संपतं. चाळीस वर्सं ह्येच बगितलं हुतं की मी. तुजा चाचा जीप घिऊन आला पळत. त्याच्याच पोरानं मारलं, आन त्योच जीप घिऊन आला. म्हणला, टाका आत, सांगोल्याला नेऊ. मी म्हणलं, न्हाय. संपलंय. कशाला त्याचं हाल करायचं. हितंच शांत जाऊ दे."

"मग?"

"मग त्याला टँकरचं पाणी पाजलं. त्वांड पश्चिमेला केलं. कानात कलमा म्हणलो." त्यांचा हात पलंगाच्या कडेवरून पुढं मागं फिरत होता, भाईच्या केसांवरून फिरावा तसा. "तासभर हुता त्यो, बेटा."

आमच्या गावाहून सांगोला जीपनं पंचवीस मिनिटं. मला तो रस्ता पाठ आहे, डोळे मिटून प्रत्येक वळण सांगेन. मी विचारू नये ते विचारलं.

"काही बोलला?"

"चला की, म्हणत हुता. अब्बा, चला की. हात धरून वढत हुता माजा, जीपकडं. मी म्हणायचो, गप पड बाळा, झालं आता. लई येळ म्हणत हुता. मग तुज्या चाचानं माजं ऐकलं न्हाय, मला ढकलून दिलं आन त्याला उचलून जीपमदी घातलं. दवाखान्याच्या दारात जीव गेला. डॉक्टर म्हणला, आर्धा तास आदी आणायचं हुतं."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मला त्याच्याकडच्या सगळ्या भाज्या ऐकू आल्या, एकेक करून.

"म्हणून सुरी दिली तुम्ही चाचाला," मी म्हटलं.

"मग कुणाला द्याची? माजा आंदाज पोटच्या पोरावर चुकला. मुक्या जनावराच्या मानंवर कसा हात ठिवू? त्याला दिसलं, मला न्हाय दिसलं."

"अम्माला?"

"ठावं हुतं तिला."

अम्माला ठाऊक होतं आणि तिनं रोज त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं. ती मला पोपटी शर्ट सांगत राहिली, कारण शर्टाच्या आतलं सांगायला सुरुवात केली असती तर तिथून अब्बांपर्यंत यावं लागलं असतं. आणि मी त्या शर्टावर निबंध लिहिला होता. ग्रीक कवीनं जखम सांगितली, जपान्यानं कपडे सांगितले. मधला तास दोघांनीही सांगितला नाही. माझ्या वीस पानांतही तो नव्हता.

मी ओरडले. पुस्तक भिंतीवर फेकलं, त्याची पानं सुटली. वीस वर्षं गप्प बसला होता ना, मग मरेपर्यंत गप्प बसायचं होतं, असं म्हणाले. माझं एकच वाक्य होतं, तेही काढून घेतलंत. मला कशाला सांगितलंत?

"तू रोज वाचतीस," अब्बा म्हणाले. "एवढी माणसं मारली तुज्या पुस्तकांनी. त्यातला एकबी पोरगा बापाला चला की म्हणत न्हाय. मला वाटलं, कुटंतरी आसंल."

चार वाजता त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असत. ते उताणे झोपले आणि त्यांनी हनुवटी वर केली. त्यांचा गळा माझ्या समोर होता, सुरकुतलेला, नळी वर खाली होत होती. मी त्यांची हनुवटी डाव्या हातानं धरली, ते बकऱ्याची धरायचे तशी, आणि एक क्षण माझ्या हातात इतका संताप आला की बाटली चेपली गेली. थेंब गालावर सांडले. भाईनं अब्बांच्या याच हाताला ओढलं असेल, असं मनात येत होतं आणि तो हात तोडून टाकावासा वाटत होता. अब्बा हलले नाहीत. मी पुन्हा मोजून दोन-दोन थेंब घातले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. अकराची वेळ होती, रिक्षा नऊलाच दारात आली, कारण रिक्षावाल्याला नंतर शाळेची मुलं होती. मी पर्स घेतली, फाइल घेतली. अब्बा अजून खुर्चीतच, एका पायात चप्पल घालून बसलेले. आम्ही सकाळपासून एक शब्द बोललो नव्हतो. उशीर नव्हता, पण रिक्षा ताटकळत होती, आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"अब्बा, चला की."

शब्द बाहेर पडले आणि माझं मलाच कळलं. अब्बांनी मान वर केली. काळ्या चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते. ते उठले. दुसरी चप्पल तशीच राहिली. त्यांनी माझं मनगट धरलं आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, मला ओढत जिन्याकडे निघाले. ऐंशीच्या घरातला माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत होता.

"व्हय, चल," ते म्हणत होते. "चल, चल."

रिक्षात बसल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही. सात रस्त्याच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा ते पुढं वाकले आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापटायला लागले.

"थांबू नगंस, बाबा," ते म्हणाले. "बिगीबिगी घे. लई लागलंय त्याला."